हवेचं पिस्तूल: वर्षभराचा वापर आणि त्या एका रबरी रिंगचं प्रकरण

सर्व्हिस सेंटरकडून पिस्तूल पुन्हा एकदा परत आलं. सोबतच्या कागदावर लिहिलंय, 'तपासले, दोष आढळला नाही'. संध्याकाळी पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर 200 बार दाबापर्यंत भरला, लावला, पिस्तूल पेटीत ठेवलं. सकाळी पाहते तर दाबाचा काटा निम्म्याच्या खाली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला बसले आहे. वर्षभर साठवलेली चांगली-वाईट मतंही याच निमित्ताने सांगून टाकते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रार माझ्या हातातल्या एका नगाची आणि एका सर्व्हिस सेंटरची आहे. त्याच मॉडेलवर वर्षानुवर्षं बिनतक्रार खेळणारे लोक मी रोज पाहते. दहा मीटरवर साठ शॉट मारणाऱ्यांना 500 ग्रॅमचा किमान ट्रिगर (चाप ओढायला लागणारा जोर) आणि पिस्तुलाची 1500 ग्रॅमची वजनमर्यादा वेगळी समजवायला नको, तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

आधी अचूकता, कारण विकत घेताना सगळे तिच्याबद्दलच विचारतात आणि फरक सर्वांत कमी तिथेच असतो. पिस्तुलाबरोबर कारखान्यातलं टेस्ट कार्ड येतं. पिस्तूल शिकंज्यात आवळून मारलेले पाच शॉट, आणि कागदावर जेमतेम एकच भोक. टार्गेटवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर आणि पेलेट, म्हणजे छोटी गोळी, 4.5 मिलिमीटरचा. पेलेटची कड रेषेला लागली तरी गुण मिळतो, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहाच. या वर्गातलं कुठलंही धड पिस्तूल त्यापेक्षा कितीतरी घट्ट ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, देतं. आता आपल्या बाजूचा हिशेब बघा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधलं, अंतर सुमारे 32 सेंटीमीटर धरलं, तर साइट एक मिलिमीटर हलली की दहा मीटरवर शॉट तीन सेंटीमीटर सरकतो. तो थेट सातात जातो. दहात राहायचं तर चूक पाव मिलिमीटरच्या आत हवी. बॅरल कुणाचं चांगलं यावर तासन् तास वाद घालणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. माझं बॅरल उत्तम आहे, त्याबद्दल कणभरही तक्रार नाही. पेलेट मात्र निवडून घ्या. डोक्याचा व्यास 4.49 की 4.50, एवढ्यानेही काही बॅरलवर ग्रुप बदलतो.

खरा फरक पडतो ग्रिपने. नवीन ग्रिप हातात घेतली तेव्हा ती मऊ, गोल, सुखाची वाटली होती. महिन्याभरात कळलं की दुकानात सुखाची वाटणारी ग्रिप तिसाव्या शॉटनंतर करंगळी बधिर करते. पाम शेल्फ, म्हणजे तळव्याखालची सरकणारी लाकडी पट्टी, मी आधी घट्ट लावत होते. हात हलत नव्हता हे खरं, पण मनगटापासून एक ताण यायचा आणि शॉट डावीकडे खाली जायचा. पट्टी किंचित खाली घेतली, अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी जिथे टेकते तिथलं लाकूड कानशीने थोडं उतरवलं आणि मधल्या बोटाखाली लाकडाची पुट्टी भरली. मग डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, डोळे उघडायचे आणि साइट कुठे आली ते पाहायचं. साइट डावीकडे आली तर मनगट वळवून ती जागेवर आणायची नाही, लाकूडच उतरवायचं. हे काम आठवड्याआठवड्याने करावं लागतं, कारण हातही रोज सारखा नसतो. घामाच्या दिवसांत लाकूड गुळगुळीत लागतं, तेव्हा सँडपेपर नुसता फिरवून खरखरीतपणा परत आणते.

एवढं केल्यावर ही ग्रिप मला इतकी बसली की दुसऱ्याचं पिस्तूल हातात घेतलं तरी परकं वाटतं. एक गोष्ट तेवढी खटकते. पाम शेल्फचा स्क्रू थेट लाकडात बसतो, धातूची बुशिंग, म्हणजे आट्यांची नळी, नाही. सारखं सैल-घट्ट करून आटे झिजतात. एवढ्या महागड्या वस्तूत तिथे एक बुशिंग द्यायला काय हरकत होती?

आता त्या रिंगबद्दल.

सिलिंडर जिथे पिस्तुलाला आट्यांनी बसतो, तिथे आत एक बारकी रबरी ओ-रिंग असते. करंगळीच्या नखापेक्षा लहान. 200 बारची हवा आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये त्या जागी तेवढीच एक वस्तू उभी असते. ती चिरली की हवा झिरपायला लागते. आवाज येत नाही, शॉट खाली पडत नाहीत, कारण पुढे रेग्युलेटर बसलेला असतो आणि तो बराच काळ दाब सारखा ठेवतो. काटा रेग्युलेटरच्या दाबाखाली गेला की मात्र पेलेटची गती पडते आणि ग्रुप उभा पसरतो. माझं ते सामन्यात झालं, दहा शॉटच्या शेवटच्या मालिकेत. दहा, दहा, नऊ, आठ, आठ, सगळे घड्याळातल्या सहाच्या दिशेने, सरळ खाली. माझाच हात दमला असं वाटून मी शेवटचे शॉट आणखी सावकाश मारत होते.

गळती कुठे आहे हे घरच्या घरी कळतं. सिलिंडर काढून रात्रभर वेगळा ठेवायचा. काटा जागेवर राहिला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह ठीक, गळती पिस्तुलाच्या बाजूला. माझा काटा जागेवरच राहिला. मग सिलिंडर लावून जोडावर साबणाचं पाणी लावलं. आधी काहीच नाही, आणि मिनिटभराने एक बारीक बुडबुडा त्याच जागी फुगत राहिला. सर्व्हिस सेंटरला मी हे फोटोसकट लिहून पाठवलं होतं. पहिल्या खेपेला उत्तर आलं की सिलिंडर जुना झाला, बदला. सिलिंडरवर ठोकलेली तारीख दाखवली, मुदत सरायला वर्षं बाकी होती. पुढच्या खेपेला म्हणाले, वापरणाऱ्याच्या हाताळणीने नुकसान, वॉरंटी लागू नाही, पूर्ण व्हॉल्व्ह असेंब्ली घ्या. मी म्हटलं, असेंब्ली नको, एक रिंग द्या. रिंग सुटी मिळत नाही. बरं, माप सांगा. माप सांगता येत नाही. दोन मालिकांमधल्या पेलेटइतकीही जिची किंमत नाही, त्या वस्तूसाठी अख्खी असेंब्ली! वस्तू बिघडते, त्याचं मला काही वाटत नाही. पण ग्राहकाने दोष शोधून, फोटो काढून हातात दिल्यावर तो न बघता 'दोष आढळला नाही' असा शिक्का मारणं, हा सरळ अनादर आहे.

पिस्तूल तिकडे पडलं होतं त्या काळात क्लबमधलं जुनं बैकल आयझेडएच-46एम वापरलं. त्याला सिलिंडर नाही, रेग्युलेटर नाही. बॅरलखालचा दांडा पुढे ओढायचा, परत मिटवायचा, त्या एका झटक्यात भरलेली हवा हाच एक शॉट. मिटवताना जोर लागतो, आणि साठ वेळा ते करणं म्हणजे खांद्याची परीक्षाच. नाकाकडे जड, ग्रिप ठोकळ्यासारखी. पहिले दोन-चार दिवस मी कुरकुरत होते. मग गुण वर यायला लागले. दर शॉटनंतर हात सुटतो, त्यामुळे दर शॉटला ग्रिप नव्याने पकडावी लागते, आणि पकड जरा इकडेतिकडे झाली की टार्गेट लगेच सांगतं. सिलिंडरच्या पिस्तुलावर एकदा पकडलेली चुकीची ग्रिप दहा शॉट तशीच राहते, आणि आपण साइटचे क्लिक (नेम सरकवायचे स्क्रू) फिरवत बसतो. या जुन्या पिस्तुलाने माझी पकड सुधारली. नव्याने शिकणाऱ्याला हवा भरायची सोय जवळ नसेल तर मी आजही हेच सुचवेन. हवा कुठून आणायची हा प्रश्नच त्यात नाही.

त्यानंतर एका सरावाच्या सोबतिणीने तिचं इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं मोरिनी सीएम 162ईआय पिस्तूल काही आठवडे वापरायला दिलं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरबद्दल माझं मत आधीपासून ठाम होतं: खेळात बॅटरी कशाला? 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये दहा मीटर हवेच्या पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, ऐन सामन्यात मिनिटं वाया गेली, 575 गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. तो दिवस पिस्तूल मारणारी कुठलीच मुलगी विसरलेली नाही, आणि 2024 मध्ये पॅरिसला तिने त्याच प्रकारात कांस्य घेतलं तेव्हा आमच्या रेंजवर लोक रडले होते. यंत्र ऐनवेळी दगा देतं ही धास्ती माझ्या मनात तिथूनच बसली.

ती धास्ती या काही आठवड्यांत बरीच कमी झाली. यांत्रिक ट्रिगरमध्ये धातूची कड धातूवरून सरकते. ती झिजते, तिला तेल लागतं, धूळ लागते, आणि 'ब्रेक', म्हणजे ट्रिगर सुटण्याचा क्षण, हळूहळू बदलतो, इतका हळू की आपल्या लक्षातही येत नाही. इलेक्ट्रॉनिकमध्ये बोटाला लागणारा तो क्षण पहिल्या शॉटला जसा, तसाच साठाव्याला. माझ्याकडे असेपर्यंत बॅटरी एकदाही बदलावी लागली नाही. तरी पेटीत एक जादा ठेवायचीच. मोडू शकणारे भाग दोन्हीकडे आहेत, तेव्हा विश्वासार्हतेच्या नावाखाली इलेक्ट्रॉनिकला नकार देणं मी सोडून दिलंय.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितेय.

मॅन्युअल पुन्हा चाळताना शेवटी सुट्या भागांची आकृती दिसली, आणि बाजूच्या तक्त्यात त्या रिंगचं माप: आतला व्यास आणि जाडी. सर्व्हिस सेंटरला जे सांगता येत नव्हतं ते त्यांच्याच कंपनीने छापलेलं होतं. सील विकणाऱ्यांकडे त्या मापाची रिंग सहज मिळाली. घेताना रबराचा कठीणपणा विचारा. साधी 70 शोअरची रिंग एवढ्या दाबाला फटीत दबून कापली जाते, 90 ची घ्यावी. सिलिंडर काढला, पिस्तुलात उरलेली हवा सुरक्षित दिशेने सोडून दिली, लाकडी टूथपिकने जुनी रिंग उचलली. भिंगाखाली पाहिलं तर एका बाजूला चंद्रकोरीएवढी चीर. नवीन रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात दिला. साधं तेल तिथे कधीच लावू नका, दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. आणि सिलिंडरच्या स्वतःच्या व्हॉल्व्हला घरी हात लावायचा नाही, भरलेला असताना तर नाहीच. ते काम जाणकाराचंच.

आता काटा आठवडाभर हलत नाही. पिस्तुलावरचा राग गेला. सर्व्हिस सेंटरवरचा तसाच आहे, आणि पत्राचा पाठपुरावाही चालू आहे.

मग घेऊ की नको असं विचाराल तर हेच पिस्तूल मी पुन्हा घेईन. ग्रिप जमलीय, बॅरल उत्तम, ट्रिगर चांगला. पण घेण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारेन. भागांची आकृती मिळते का? सील आणि रिंगा सुट्या मिळतात का? दुरुस्तीला गेल्यावर बदली पिस्तूल देता का? वापरलेलं घेत असाल तर पहिल्यांदा सिलिंडरवरची तारीख वाचा. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी खेळाडूची असते. मग सिलिंडर भरायला लावा, पिस्तूल रात्रभर तसंच ठेवा आणि पैसे सकाळी काटा पाहूनच द्या.