आधी सोडवलेलं गणित, की आधी झटापट?

ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर या संशोधकांनी १९८५ साली बीजगणितावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका गटाला सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली, दुसऱ्याला तशीच गणितं स्वतः सोडवायला लावली. पुढच्या तशाच गणितांत पहिल्या गटाला वेळ कमी लागला, चुकाही कमी झाल्या. मात्र गणिताचा साचा बदलला, की हा फायदा दिसेना.

संशोधक मनू कपूर यांनी सिंगापूरमध्ये नेमकं उलटं केलं: आधी प्रश्नाशी झटापट, मग शिकवणं. नववीच्या मुलांना तीन फुटबॉलपटूंच्या वीस वर्षांतल्या गोलांचे आकडे दिले आणि विचारलं, सर्वांत सातत्य कुणाचं? प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप, अजून शिकवलेलंच नव्हतं. कुणी आलेख काढले, कुणी लागोपाठच्या वर्षांतले फरक घेतले. पण फरकांची नुसती बेरीज केली तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात, तिथे गाडी अडते! सूत्र मुलांना सापडलं नाही. ते नंतर शिक्षकांनी शिकवलं. आकडेमोडीत ही मुलं आधी शिकवलेल्या मुलांच्या बरोबरीने राहिली, संकल्पना समजण्यात आणि नवा प्रश्न हाताळण्यात पुढे गेली.

माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे, पण सरसकट नाही. समीकरणाच्या पायऱ्या बसवायच्या असतील तर सोडवलेलं उदाहरणच बरं. प्राथमिकच्या लहान मुलांतही आधी झटापटीचा फायदा दिसलेला नाही. आणि झटापटीनंतरचा शिकवण्याचा तास गाळला, तर ती कपूरांची पद्धत राहतच नाही.