सुटे भाग जमवून वापरलेली दहा मीटर एअर रायफल: काही महिन्यांनंतरचा अनुभव

क्लबमधल्या एका ज्येष्ठ नेमबाजाकडून घेतलेली वाल्थर एलजी ४०० ही रायफल मी गेले काही महिने पुण्यात नियमित सरावासाठी वापरतो आहे. तिची मागची साइट (नेम धरताना डोळ्याजवळ येणारा भाग), पुढचा टनेल (पुढच्या साइटची छोटी नळी) आणि बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) माझ्या अंगाला व डोळ्याला सोयीची नव्हती, म्हणून हे भाग मी वेगवेगळ्या कंपन्यांचे, बहुतेक वापरलेले, असे जमवले. नव्या मॅच रायफलची किंमत सर्वसामान्य घराला परवडत नसल्यामुळे आपल्याकडचे बरेच नेमबाज याच वाटेने जातात आणि कुठला भाग कुठे चालतो हे एकमेकांना विचारूनच ठरवतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

साइटच्या बाबतीत परिस्थिती समाधानकारक आहे. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शुट्झ या सर्वांच्या रायफलींवर साइटसाठी ११ मिलिमीटरची डोव्हटेल रेल (उतरत्या कडांची पट्टी) असते, त्यामुळे एकीची मागची साइट दुसरीवर चढते. मात्र ती चढली म्हणजे जुळली असे मानू नये. रेलच्या कडांचा उतार आणि साइटच्या जबड्याचा उतार यांत किंचितही फरक असेल, तर जबडा पूर्ण टेकत नाही, फक्त कडेवर धरतो. मी साइट घट्ट केल्यावर तिच्या मागच्या कडेला लागून रेलवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. एका साइटच्या बाबतीत दोन दिवसांच्या सरावानंतर रेघ आणि कड यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसू लागली. दुसऱ्या साइटची रेघ आजही कडेला चिकटून आहे, आणि मी तीच ठेवली. लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा ०.५ मिलिमीटर असताना एवढीशी फटही दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

उंचीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. मान सरळ राहावी म्हणून पुढच्या टनेलखाली ब्लॉक (उंची वाढवणारा ठोकळा) घातला, तर मागची साइटही तेवढीच उचलावी लागते, नाहीतर वरखाली करण्याची चकती शेवटाला जाऊन अडते. त्यामुळे दोन्हीकडचे ब्लॉक एकाच उंचीचे, शक्यतो एकाच जोडीतले घ्यावेत. टनेल १८ आणि २२ मिलिमीटर अशा दोन मापांत मिळतात आणि त्यांच्या आतल्या रिंगाही त्याच मापाच्या लागतात. माझ्या मते नवख्याने एकच माप ठरवून त्यावर कायम राहावे. बट प्लेटचे जुळणे बऱ्याच अंशी तिच्या दांड्यावर आणि स्टॉकमधल्या (रायफलच्या दस्त्यातल्या) खाचेवर अवलंबून असते. तिथे दोन तास कानशीने घासण्यापेक्षा त्याच कंपनीचा दांडा मागवलेला बरा.

हवेच्या दाबाच्या भागांबाबत मात्र मी कसलीही तडजोड मान्य करत नाही. सिलिंडर, त्याचा व्हॉल्व्ह, भरण्याचा अडॅप्टर आणि रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) हे त्याच मॉडेलसाठी बनवलेलेच हवेत. माझ्या सिलिंडरची मर्यादा २०० बार आहे. एवढ्या दाबाखाली दुसऱ्या कंपनीच्या सिलिंडरचे आटे दोन फेरे फिरले म्हणून तो ‘बसला’ असे म्हणणे जिवाशी खेळ आहे, आणि हे मी क्लबमध्येही प्रत्येकाला बजावून सांगतो. जुना सिलिंडर घेताना त्यावर कोरलेली तारीख आधी वाचावी. बहुतेक उत्पादक १० वर्षांची मुदत देतात, आणि स्पर्धेत ती संपलेली नाही याची जबाबदारी नेमबाजाचीच असते. सील आणि ओ-रिंगसुद्धा उत्पादकाने सांगितलेल्याच घ्याव्यात व बदलण्याचे काम जाणकाराकडे द्यावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत भरणाऱ्या कॉम्प्रेसरला ओलावा टिपणारा फिल्टर आहे ना, हेही विचारून घ्यावे.

साइट बदलल्यावर क्लिकचा (साइटची चकती फिरवण्याच्या एका टप्प्याचा) हिशेब नव्याने मांडावा लागतो. दोन साइटमधले अंतर वाढले की एका क्लिकने नेम सरकण्याचे प्रमाण कमी होते, शिवाय प्रत्येक कंपनीचा क्लिक वेगळा असतो. मी टेकूवर रायफल ठेवून, एकाच डब्यातल्या ४.५ मिलिमीटरच्या पेलेट्सनी (छर्ऱ्यांनी) ग्रुप मारून, म्हणजे एकाच नेमावर अनेक छर्रे झाडून, हा हिशेब वहीत उतरवला.

स्पर्धेच्या आधी सर्व भाग लावलेली रायफल वजनकाट्यावर ठेवावी. सर्व जोडण्यांसह ५.५ किलोची मर्यादा आहे, आणि ब्लॉक, वजने व जड बट प्लेट मिळून ती सहज ओलांडली जाते. माझी आता ४.९ किलो भरते, आणि उरलेली जागा मी नळीवरच्या वजनासाठी राखून ठेवली आहे.