कॅटेगरी १ की घराजवळची कॅटेगरी ३? इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादमींची निवड

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांतही हा पेच येतो. मुलगा रविवारी जवळच्या टीमकडून खेळत असतो, स्काउटची (क्लबासाठी मुलं हेरणाऱ्याची) नजर पडते, काही आठवडे ट्रायल चालते आणि क्लबाच्या अकादमीची ऑफर हातात येते. कधी दोन ऑफर एकदम येतात. एक प्रीमियर लीगमधला नावाजलेला क्लब, कॅटेगरी १, घरापासून तासाभरावर. दुसरा चौथ्या स्तरावरच्या लीग टूमधला छोटा क्लब, कॅटेगरी ३, वीस मिनिटांवर. ओळखीत कुणालाही विचारा, मोठ्या नावाला नाही म्हणायचा वेडेपणा करू नका, असंच सांगतील. बारा वर्षांखालच्या मुलासाठी मला हा सल्ला चुकीचा वाटतो. चौदाच्या पुढच्या मुलासाठी तो बराचसा बरोबर आहे. असं का, ते पाहू. (मुलींची रचना वेगळी आहे. तिथे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची, म्हणजे एफएची, इमर्जिंग टॅलेंट सेंटर्स आहेत. इथे फक्त मुलांच्या अकादमींबद्दल लिहितो आहे.)

श्रेणी नेमकी कशाची

ही श्रेणी ‘एलिट प्लेअर परफॉर्मन्स प्लॅन’ या योजनेतून येते. फुटबॉलवाले तिला ‘ईपीपीपी’ म्हणतात. २०१२-१३ च्या हंगामापासून ती लागू झाली. त्याआधी २०११ मध्ये प्रीमियर लीगच्या खालच्या तीन स्तरांच्या फुटबॉल लीगच्या (आजची ईएफएल) क्लबांनी तिच्यावर मतदान केलं होतं : ४६ बाजूने, २२ विरोधात. विरोध करणारे बहुतेक छोटे क्लब होते आणि त्यांची भीती खरी होती. ती पुढे भरपाईच्या भागात येईलच.

अकादमीला १ ते ४ यांपैकी एक श्रेणी मिळते, १ सर्वांत वरची. तपासणी स्वतंत्र संस्था करते. सुरुवातीला बेल्जियमची ‘डबल पास’ ही कंपनी हे काम करायची, आता ‘प्रोफेशनल गेम अकादमी ऑडिट कंपनी’ करते. पूर्णवेळ कोच किती, त्यांची पात्रता काय, आठवड्याला सराव किती तास, फिजिओ आणि डॉक्टर कोण, मुलांच्या शाळेकडे लक्ष कोण देतं, मैदानं कशी आहेत, सामन्यांचे व्हिडिओ तपासले जातात का, मुलांच्या सुरक्षिततेची व्यवस्था काय, हे सगळं त्यात पाहिलं जातं. कॅटेगरी १ साठी छताखालचं मैदानही लागतं. योजना आली तेव्हा कॅटेगरी १ च्या अकादमीचा वर्षाचा खर्च किमान २३ लाख पौंडांच्या आसपास धरला होता, कॅटेगरी ३ चा सुमारे तीन लाख.

म्हणजे श्रेणी सांगते ती क्लबाच्या पैशाची, सोयींची आणि शिस्तीची गोष्ट. तुमच्या मुलाचं तिथे काय होईल, याबद्दल ती काहीच सांगत नाही. त्यात श्रेणी कायमचीही नसते. ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये आपली अकादमी बंदच केली. घडवलेली मुलं मोठे क्लब थोडक्या रकमेत उचलून नेतात, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. हडर्सफिल्डने २०१७ मध्ये कॅटेगरी २ सोडून कॅटेगरी ४ स्वीकारली आणि सोळा वर्षांखालच्या सगळ्या टीम बंद केल्या. तिथल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांना त्या निर्णयात काही विचारलं गेलं असेल, असं मला वाटत नाही. कॅटेगरी ४ मध्ये लहान मुलं नसतातच, ती सोळाच्या पुढे सुरू होते. मोठ्या अकादमींतून सुटलेल्या मुलांना तिथे दुसरा दरवाजा मिळतो, हे लक्षात असू द्या.

नऊ ते अकरा : तासांचा हिशेब

योजनेत प्रत्येक श्रेणीसाठी सरावाचे तास ठरवून दिले आहेत. अंडर-९ ते अंडर-११ या टप्प्यात कॅटेगरी १ मध्ये आठवड्याला ४ तासांपासून सुरुवात होते आणि वयाबरोबर ते ८ पर्यंत जातात. कॅटेगरी २ मध्ये ३ ते ५. कॅटेगरी ३ मध्ये ३.

आता नऊ वर्षांच्या मुलाचा आठवडा मांडा. कॅटेगरी १, तासाभराचं अंतर, आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव : मैदानावर चार तास, गाडीत सहा तास. कॅटेगरी ३, वीस मिनिटं, तितक्याच संध्याकाळी : मैदानावर तीन तास, गाडीत दोन. एका तासाच्या जादा सरावासाठी मूल चार तास जास्त मागच्या सीटवर बसतं. शाळा साडेतीनला सुटते. घरी येऊन कपडे बदलायलाही वेळ नसतो, पोळीचा रोल गाडीतच खायचा, गृहपाठ मांडीवर. हिवाळ्यात परतताना साडेआठ वाजलेले असतात. रविवारी सामना, तो बाहेरगावी असेल तर अख्खा दिवस. मराठी शाळा, धाकट्या बहिणीचा नाच, सगळं या वेळापत्रकाभोवती फिरायला लागतं. शिवाय रजिस्ट्रेशन झालं की क्लबाच्या परवानगीशिवाय जुन्या टीमकडून मित्रांबरोबर खेळणंही बंद.

या वयात दोन्हीकडे सामने छोट्या मैदानावर, कमी खेळाडूंचे असतात. गुणतक्ता नसतो. रजिस्ट्रेशन एकेका हंगामाचं असतं, म्हणजे दर वसंतात ‘ठेवणार की सोडणार’ ही टांगती तलवार. मोठ्या क्लबात प्रत्येक जागेवर पन्नास जणांचा डोळा असतो, त्यामुळे ती जास्त जवळ लोंबते. इंग्लंडचा कर्णधार हॅरी केन याला आर्सेनलने आठ-नऊच्या वयात सोडलं होतं. तो सावरला. पण आठ वर्षांच्या मुलाला ‘तू कमी पडलास’ हे ऐकावं लागणं लहान गोष्ट नाही, आणि त्याचा पुढे हॅरी केन होईल या भरवशावर कोणी बसू नये.

म्हणून या वयासाठी माझं स्पष्ट मत : घराजवळची, चांगल्या कोचची कॅटेगरी ३. मोठी कॅटेगरी १ सुद्धा वीस मिनिटांवर असेल तर गोष्ट वेगळी.

बारानंतर फरक खरा होतो

अंडर-१२ ते अंडर-१६ मध्ये कॅटेगरी १ चे तास १० ते १२ च्या घरात जातात. कॅटेगरी २ मध्ये ६ ते १२. कॅटेगरी ३ मध्ये ४ ते ६. इथे दुप्पट सराव मिळतो आणि तो दिसतो. मोठ्या अकादमी शाळेशी बोलून आठवड्यातला काही वेळ मोकळा करून घेतात, काही ठिकाणी शिक्षणच क्लबाशी जोडलेल्या शाळेत होतं. समोरचा प्रतिस्पर्धी तोडीचा असतो. अठरा वर्षांखालच्यांची प्रीमियर लीग कॅटेगरी १ वाल्यांची, कॅटेगरी ३ आणि ४ ची मुलं ईएफएल यूथ अलायन्समध्ये खेळतात. प्रवासाची मर्यादा लहान वयात तासाभराची आणि पुढे दीड तासाची असते, पण अंडर-१४ पासून पूर्णवेळ पद्धतीची (शाळा आणि सराव एकत्र जोडलेली) कॅटेगरी १ अकादमी देशात कुठूनही मुलगा घेऊ शकते.

चौदाव्या वर्षी मुलगा खरोखर पुढे असेल, त्याला स्वतःला जायचं असेल आणि शाळेचं नीट ठरलं असेल, तर कॅटेगरी १ घ्यावी. इंग्लंडकडून खेळलेले बुकायो साका आणि फिल फोडेन मोठ्या क्लबातच लहानाचे मोठे झाले. इंग्लंडच्याच डेक्लन राईसला चेल्सीने चौदाव्या वर्षी सोडलं आणि वेस्ट हॅमने घेतलं, म्हणजे सुटल्यावरही वरच्या पातळीवर जागा मिळू शकते.

पण सतराव्या-अठराव्या वर्षी चित्र पुन्हा पालटतं. छोट्या क्लबाला पहिल्या, म्हणजे मोठ्यांच्या मुख्य संघात मुलं हवीच असतात. ऑली वॉटकिन्स एक्सेटर सिटीच्या कॅटेगरी ३ अकादमीतला. हा क्लब समर्थकांच्याच मालकीचा. पहिल्या ट्रायलमध्ये त्याला घेतलं नव्हतं, नंतर घेतलं. पुढे तो वेस्टन-सुपर-मेअरला लोनवर (काही काळ उसना) खेळला, परत येऊन पहिल्या संघात रुळला, तिथून ब्रेंटफर्ड, मग अ‍ॅस्टन व्हिला आणि इंग्लंड. ज्यूड बेलिंगहॅमने २०१९ मध्ये सोळाव्या वर्षी बर्मिंगहॅम सिटीकडून पदार्पण केलं, तेव्हा ती अकादमी कॅटेगरी २ होती. कॅटेगरी १ मधला त्याच वयाचा मुलगा बहुधा त्या वेळी आपल्याच वयाच्या मुलांत खेळत असतो. एबेरेची एझे आर्सेनल, फुलहॅम, रेडिंग, मिलवॉल असा चार ठिकाणांहून सुटला आणि क्वीन्स पार्क रेंजर्स (क्यूपीआर) या क्लबात उभा राहिला.

भरपाई, जिच्याबद्दल ऑफरच्या बैठकीत कोणी बोलत नाही

माझ्या मते सही करण्याआधी सगळ्यात नीट समजून घ्यायची गोष्ट ही आहे. अकादमीतला मुलगा स्वतःहून दुसऱ्या क्लबात गेला, तर नव्या क्लबाने जुन्याला ठरलेल्या दराने भरपाई द्यायची असते. २०१२ चे मूळ दर असे : अंडर-९ ते अंडर-११ साठी वर्षाला ३,००० पौंड, श्रेणी कोणतीही असो. अंडर-१२ ते अंडर-१६ साठी कॅटेगरी १ ला वर्षाला ४०,०००, कॅटेगरी २ ला २५,०००, कॅटेगरी ३ ला १२,५००. श्रेणी मोजली जाते ती मुलाला घडवणाऱ्या क्लबाची.

या दरांनी आठ वर्षांची बेरीज करा. कॅटेगरी ३ मध्ये अंडर-९ ते अंडर-१६ काढलेल्या मुलाची भरपाई ७१,५०० पौंड. कॅटेगरी १ मधल्याची २,०९,०००. छोट्याकडून मोठ्याकडे जाणं मोठ्या क्लबाला किरकोळ खर्चात पडतं, आणि २०११ मध्ये छोटे क्लब याच कारणासाठी ओरडत होते. उलट बाजूला, कॅटेगरी १ मध्ये मन रमत नाही म्हणून तुम्ही स्वतः मुलाला काढलं, तर लीग टूमधला कुठला क्लब दोन लाख पौंड मोजणार? क्लबाने स्वतःहून सोडलं, तर मात्र भरपाई लागत नाही. म्हणजे मोठ्या अकादमीत शिरणं सोपं, स्वतःच्या मर्जीने खाली उतरणं अवघड. बारानंतर रजिस्ट्रेशन दोन-दोन वर्षांचं होतं, त्यामुळे ही गाठ आणखी घट्ट बसते.

२०१७ मधलं एक प्रकरण पाहण्यासारखं आहे. स्टोक सिटीच्या बारा वर्षांच्या मुलाशी नियम डावलून संधान बांधल्याबद्दल प्रीमियर लीगने लिव्हरपूलला एक लाख पौंड दंड केला आणि इतर इंग्लिश क्लबांच्या अकादमींतली मुलं घेण्यावर बंदी घातली : दोन वर्षांची, त्यातलं दुसरं वर्ष स्थगित. त्याच वर्षी मँचेस्टर सिटीवरही अशाच कारणाने कारवाई झाली. पण त्या मुलाचं काय? लिव्हरपूलमध्ये रजिस्ट्रेशन होईना, स्टोककडे परतण्याची वाट मोडलेली, आणि भरपाईची रक्कम मानगुटीवर असल्याने तिसरा क्लबही पुढे येईना. दंड क्लबाने भरला, हंगाम मुलाचा गेला. तुम्ही दुसऱ्या क्लबात असताना कुणी आडून ‘आमच्याकडे या, शाळेची फी बघून घेऊ’ म्हणालं, तर तिथेच बोलणं थांबवा.

शाळा आणि सुटल्यानंतरचे दिवस

सोळाव्या वर्षी अकादमीत पूर्णवेळ प्रशिक्षणाची दोन वर्षांची स्कॉलरशिप मिळते किंवा मिळत नाही. तो निकाल आणि जीसीएसईच्या परीक्षा एकाच शालेय वर्षात येतात. आपल्याकडच्या दहावीचं वर्ष म्हणा ना. बहुतेक मुलं याच सुमारास किंवा त्याआधी बाहेर पडतात. दोन्ही क्लबांना मी एकच प्रश्न आधी विचारीन : गेल्या वर्षी सोडलेली मुलं आता कुठे आहेत? उत्तर अडखळत आलं, तर श्रेणी कितीही वरची असो, मला ते पुरेसं आहे. क्रिस्टल पॅलेसने आपण सोडलेल्या तरुण खेळाडूंना तीन वर्षं आधार देणारा कार्यक्रम जाहीर केला. असं काही आहे का, हे प्रत्येकाला विचारा. मुलांच्या सुरक्षेचा जबाबदार अधिकारी कोण, त्याला आजच भेटता येईल का, हेही विचाराच. इंग्लिश फुटबॉलमधल्या बालशोषणावरचा २०२१ चा शेल्डन अहवाल वाचल्यावर हे विचारायला संकोच वाटत नाही.

क्लबाचा बिल्ला, पण अकादमी नाही

रजिस्टर झालेल्या मुलाकडून अकादमी प्रशिक्षणाची फी घेत नाही. तुमच्याकडे दर महिन्याला पैसे मागितले जात असतील, तर ते बहुधा क्लबाचं ‘डेव्हलपमेंट सेंटर’ किंवा कम्युनिटी ट्रस्टचा (क्लबाच्या समाजकार्य संस्थेचा) कोर्स असतो. जर्सी तीच, बिल्ला तोच, पण ईपीपीपीची श्रेणी आणि तपासणी तिथे लागू नाही. मजेसाठी पाठवायला हरकत नाही, निवड झाली असं मानू नका.

मुंबई, पुणे किंवा मडगावमधल्या पालकांना तर हे कळकळीने सांगायचं आहे. युरोपियन क्लबांच्या नावाने आपल्याकडे चालणारी फुटबॉल स्कूल्स या श्रेण्यांमध्ये येत नाहीत. आणि फिफाच्या खेळाडू-हस्तांतर नियमांतल्या १९ व्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूला फुटबॉलसाठी परदेशी नोंदवता येत नाही. ‘इंग्लंडमधल्या अकादमीत ट्रायल, निवड झाली की तिथेच राहील’ असं सांगून कोणी लाखो रुपये मागत असेल, तर पैसे देऊ नका.

आईवडील नोकरीसाठी इंग्लंडला आले असतील तर मात्र वाट मोकळी असते, कारण फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने झालेलं कुटुंबाचं स्थलांतर हा मान्य अपवाद आहे. देशात सलग पाच वर्षं राहिलेल्या मुलासाठीही अपवाद आहे. फक्त भारतीय पासपोर्ट असलेल्या, दहा वर्षांच्या पुढच्या मुलासाठी एफएमार्फत कागदपत्रं द्यावी लागतात : जन्मदाखला, पासपोर्ट, आईवडिलांचा व्हिसा, नोकरीचा आणि पत्त्याचा पुरावा. गावच्या ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला फक्त मराठीत असेल, तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर ट्रायल चालू असतानाच करून ठेवा, म्हणजे ऑफर आल्यावर धावपळ होणार नाही.