बेळगावात समुद्री ॲनिमोन: सोळा महिन्यांनंतर

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. खालचा संप, म्हणजे गाळणीची दुसरी टाकी, धरून साधारण अडीचशे लिटर खारं पाणी. शहापुरातल्या घरात गेल्या वर्षी जूनमध्ये मांडली. आज तिच्यात बबल टिप ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा, बोटांसारखे स्पर्शक असलेला प्राणी), क्लाउनफिशची जोडी, दोन क्लीनर श्रिंप (माशांचं अंग साफ करणाऱ्या कोळंब्या), एक फेदर डस्टर (पिसारा असलेला समुद्री किडा) आणि टर्बो गोगलगायी आहेत. प्रवाळाविषयी सगळे विचारतात, म्हणून आधीच सांगतो. कठीण सांगाड्याचं प्रवाळ, समुद्रकाकडी आणि मोठे शिंपले आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. दुकानात कोणी "गुपचूप देतो" म्हणालं तरी घेऊ नका. बाकीचे बिनकण्याचे जीवसुद्धा परीक्षा बघायला पुरेसे आहेत.

टाकी घेताना वाटलं होतं, खरा पैसा लाइट आणि स्कीमरला (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राला) लागणार. दोन्ही चांगले चाललेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण या जीवांचं जगणं-मरणं ठरतं ते रोज उडून जाणाऱ्या पाण्याच्या जागी आपण काय ओततो यावर. माशाचं मूत्रपिंड आणि कल्ले क्षारांचा तोल बराचसा सांभाळून घेतात. तारामासा किंवा ॲनिमोनकडे ती सोयच नाही. बाहेरचं पाणी जेवढं खारट, तेवढाच त्याचा देह खारट.

बेळगाव उंचावर असल्याने चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागणार नाही असं ऐकलं होतं आणि ते बव्हंशी खरं निघालं. एप्रिल-मे सोडले तर पाणी २५-२६ अंशांवर राहतं. डिसेंबरात उलट हीटर लागतो. उन्हाळ्यात पृष्ठभागावर दोन छोटे पंखे लावले की दोन-तीन अंश उतरतात, पण तेवढ्यासाठी दिवसाला सहा-सात लिटर पाणी उडतं. वाफ होते ती गोड्या पाण्याची, मीठ मागेच राहतं. तीन दिवस भरपाई केली नाही तर वीस लिटर गेले, म्हणजे ३५ ची क्षारता (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३८ वर. माशांना कदाचित निभावेल, ॲनिमोनला नाही.

म्हणून भरपाईला आरओ-डीआयचं, म्हणजे सगळे क्षार काढून टाकणाऱ्या यंत्राचं पाणी. नळाला येणारं राकसकोप जलाशयाचं पाणी पावसाळ्यात गढूळ असतं आणि माझ्या यंत्राची पांढरी गाळणी तीन आठवड्यांत चहासारखी होते. ती वेळेत बदला, नाहीतर पुढची महाग मेम्ब्रेन चोंदते. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसलं की पाणी कोरं झालं. हे कोरं पाणी किती हावरं असतं, ते मी एप्रिलमध्ये शिकलो.

खानापूरकडच्या गावी यात्रेला तीन दिवस गेलो होतो. आईला सांगून गेलो की कॅनमधलं पाणी रोज सकाळी सहा लिटर टाकीत ओत. तिसऱ्या दिवशी परत आलो तर दोन्ही श्रिंप मेलेले, गोगलगायी काचेवरून सुटून वाळूवर उताण्या पडलेल्या, फेदर डस्टरने आपला पिसारा टाकून दिलेला. ॲनिमोन मुठीएवढा आकसलेला आणि त्याचं तोंड उघडं. क्षारता ३५, तापमान २६, अमोनिया शून्य. काही कळेना. मग आईच म्हणाली, "कॅनमधलं पाणी रात्री हंड्यात काढून ठेवत होते की. तांब्यातलं पाणी चांगलं असतंय म्हणून."

तांबं. माणसाला चालतं, पण बिनकण्याच्या जीवांना त्याचा थोडा अंशही विष आहे. माशांच्या काही औषधांत तांबं असतं आणि ती रीफ टाकीत (प्रवाळ आणि बिनकण्याच्या जीवांच्या टाकीत) घालू नका असं सांगतात, ते याच कारणाने. गंमत अशी की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहतो तोही तांब्याच्याच रेणूवर, तरी पाण्यात विरघळलेलं जादा तांबं तिला मारतं. त्यात पाणी कोरं, त्यामुळे एका रात्रीत हंड्याकडून जेवढं घेता येईल तेवढं त्याने घेतलं. आईचा यात काडीचा दोष नाही. पाणी कशात ठेवायचं हे सांगायचं मीच विसरलो. ती दोन दिवस नीट जेवली नाही, हे मला श्रिंपांपेक्षा जास्त लागलं.

त्याच रात्री तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने तीस टक्के पाणी बदललं, कोळसा आणि तांबं शोषणारी रेझिन लावली. चार दिवसांनी पुन्हा तेवढंच. अकराव्या दिवशी ॲनिमोनने पाय दगडाच्या फटीत घट्ट रोवला आणि बोटं फुगवली. फेदर डस्टरला नवा पिसारा यायला महिना लागला, पण आला.

मग ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, घेतला. या छंदात इतका उपयोगी पडलेला पैसा दुसरा नाही. खाद्यपदार्थांच्या दर्जाचा वीस लिटरचा प्लास्टिक डबा, छोटा पंप आणि डोळ्याने पाणी बघणारा सेन्सर. तरंगत्या बोंड्याचा घेऊ नका, गोगलगाय त्यावर चढून बसते. डबा वीस लिटरचाच ठेवलाय, कारण पंप अडकून सगळं ओतलं गेलं तरी क्षारता ३२ च्या वरच राहते. क्षारता मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर मात्र ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या कोऱ्या पाण्याने शून्य जुळवलं तर वरचं माप चुकू शकतं. माझं दीडाने चुकत होतं.

गोव्याचं पाणी कॅन भरून आणावं असं चोर्ला घाट उतरताना प्रत्येक वेळी मनात येतं. दोनदा मापून पाहिलं. पावसाळ्यात किनाऱ्याजवळ नद्यांचं पाणी मिसळून क्षारता खूप उतरते आणि बाकी काय मिसळलंय ते दिसत नाही. मी मीठ कालवूनच करतो, २५ लिटरला ९०० ते ९५० ग्रॅम, दर रविवारी दहा टक्के बदल. कठीण प्रवाळ नसल्याने कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) एवढ्यावरच टिकते. आयोडीनची बाटली घेतली होती, ती तशीच पडून आहे. श्रिंप तिच्याविना नीट कात टाकतात. पहिली कात पाहून मला वाटलं होतं, श्रिंप मेला.

निळा तारामासा घेऊ नका. चौथ्या महिन्यात आणला, तीन तास थेंबाथेंबाने पाणी देत सवय केली, फेब्रुवारीत गेला. तो दगडावरचा सूक्ष्म थर खाऊन जगतो आणि माझ्या टाकीत तेवढा थर नव्हताच. उपाशी मेला. हे लिहिताना अजून वाईट वाटतं.

ॲनिमोन मी सातव्या महिन्यात आणला, मुंबईहून रात्रीच्या बसने. त्याआधी आणू नका. तो जागा शोधत फिरतो, म्हणून वेव्हमेकरच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) तोंडाला स्पंजची टोपी हवीच. आठवड्यातून एकदा बिनमिठाच्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा देतो, बाकीचं त्याच्या अंगातलं शेवाळ प्रकाशावर करतं. पावसात वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर चालू राहील असं बघा, लाइट नसला तरी एक दिवस चालतो.

ऑगस्टमध्ये तो दुभंगला. सकाळी एकाच्या जागी दोन होते, दोघांचंही तोंड अर्धवट मिटलेलं. आता दोघेही पूर्ण फुललेत. धाकटा पुढच्या रविवारी निपाणीच्या एका मित्राकडे जाईल. त्याची टाकी आठ महिन्यांची झालीय आणि पाण्याचा डबा प्लास्टिकचा आहे, मी स्वतः जाऊन बघून आलोय.