हद्दीबाहेरचा १४ मजली टॉवर: घर चांगलं, पाणी टँकरचं

स्कीमचं आणि बिल्डरचं नाव टाकत नाही. नागपूर मनपाची हद्द संपते तिथून वर्धा रोडच्या बाजूला आत वळलं की ग्रामपंचायतीच्या हद्दीत हा १४ मजली टॉवर आहे, ११२ फ्लॅट. आम्ही नवव्या मजल्यावर टूबीएचके घेतला अन् राहून राहिलो आहे, त्यामुळे जे लिहितो ते राहून लिहितो.

आधी घराबद्दल. घर खरंच चांगलं आहे. दोन्ही बाजूनं हवा खेळते, एप्रिलपर्यंत संध्याकाळी कूलर लावायची गरज पडत नाही, किचनला ड्राय बाल्कनी ऐसपैस आहे, भिंती सरळ, टाइल्स कुठे पोकळ वाजत नाही. बाथरूमच्या कोपऱ्यात ओल आली होती तं लेखी अर्ज दिला, रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा जो कायदा आहे त्यात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं बांधकामाचे दोष बिल्डरला फुकट दुरुस्त करून द्यावे लागतात, ते कलम अर्जात टाकलं आणि माणसं येऊन काम करून गेली. शहरात याच पैशात वनबीएचके पण मिळाला नसता. इथपर्यंत पाचपैकी साडेचार.

आता पाणी. ब्रोशरमधे लिहिलं होतं "मुबलक पाणी", आणि साइट दाखवणारा मुलगा म्हणे की मनपाची लाइन लवकरच येऊन राहिली. शहराला पाणी पेंच आणि कन्हानचं, ती पाइपलाइन हद्दीपर्यंत आहे, आमचा टॉवर हद्दीबाहेर. मग ग्रामपंचायतीची नळयोजना पाहा म्हटलं, तं ती गावासाठी. जलजीवन मिशनमधे गावाला माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात आणि शहरी सोसायटीचा हिशोब माणशी १३५ लिटरचा असतो. ११२ घरं, घरटी चार माणसं धरली तं दिवसाला ६० हजार लिटरच्या वर पाणी पाहिजे, म्हणजे दहा हजारवाले सहा टँकर. ५५ लिटरच्या हिशोबानं पंचायतीनं उद्या कनेक्शन दिलं तरी २५ हजार लिटरसुद्धा होत नाही आणि तेही गावाच्या वाट्याचं. हा हिशोब कोणी बुकिंगच्या वेळेस सांगत नाही, पण कागद-पेन घेऊन पाच मिनिटात निघते, बुकिंगच्या आधी स्वतः काढा.

सध्या बोअर आहेत चार. पावसाळा ते जानेवारी बरं चालते, होळी झाली की मोटर हवा ओढायला लागते. इथं खाली काळा दगड आहे, पाणी वरच्या मुरमात अन् दगडाच्या भेगांत असते, म्हणून चार बोअर केले काय अन् आठ केले काय, त्याच भेगांतलं पाणी ओढायचं. कुंपणाला लागून ज्या कास्तकाराचं वावर आहे ते काका एकदा गेटवर आले, आवाज न चढवता म्हणाले, "भाऊ, तुमची मोटर सुरू झाली की माह्या हिरीचं पाणी खाली सरकते." त्यांची विहीर आजोबांच्या काळातली, त्यावर संत्र्याची झाडं आहेत. मी जाऊन पाहिली, दगडावर जुन्या पाण्याची पांढरी रेघ दिसते आणि पाणी तिच्यापासून कितीतरी खाली. मले त्या दिवशी खूप वाईट वाटलं आणि अजून वाटते, कारण त्या काकाला कोणत्याच ब्रोशरमधे कोणी विचारलं नव्हतं.

मार्चपासून टँकर. पहाटेच सुरू होतात, संपमधे म्हणजे जमिनीखालच्या टाकीत पाइप टाकतात, पहिल्या पाण्यात माती येते म्हणून वॉचमन आधी बादलीत धरून पाहते आणि मग सोडते. टँकरचे पैसे मेंटेनन्सच्या वर वेगळे. उन्हाळ्यात मेंटेनन्सचं बिल जवळजवळ दुप्पट होते, ईएमआय सांभाळणाऱ्या माणसाले हे लय जड जाते.

सांडपाण्याचंही तेच. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर येते, म्हणजे आमच्याकडे भरलं पाणी असलं की रोजचं ४८ हजार लिटर. गावात गटारलाइन नाही. बेसमेंटमधे एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे, बिल्डरच्या हातात होता तोवर लाइटबिल वाचवायला रात्री बंद ठेवायचे आणि कच्चं पाणी मागच्या नाल्यात जायचं, नाला पुढे त्याच वावरांतून जातो जिथं ढोरं पाणी पितात. सोसायटी ताब्यात आल्यावर आम्ही तो चोवीस तास चालवतो, गाळ काढायला माणूस ठेवला आहे, शुद्ध केलेलं पाणी फ्लशला आणि झाडांना वापरतो, त्यामुळे टँकरही थोडे कमी झाले. हे आधीपासून करता आलं असतं.

रस्ता: ब्रोशरमधे १८ मीटरचा डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता), जागेवर पांदण म्हणजे वावरांतली बैलगाडीची वाट. पांदणीवर मुरूम टाकून डांबराचा पातळ थर दिला होता, पहिल्या पावसाळ्यात काळी माती फुगली अन् सगळं उखडलं. स्कूलबस आत येत नाही, मुलं चौकापर्यंत चालत जातात. आणि ज्याची मले जास्त काळजी वाटते ते म्हणजे अग्निशमनची गाडी, राष्ट्रीय इमारत संहितेत (एनबीसी) १५ मीटर आणि त्यावरची इमारत उंच धरतात, ही जवळजवळ तिप्पट, आणि पंचायतीकडे स्वतःचं अग्निशमन केंद्र नाही, गाडी शहरातूनच येणार, ती या पांदणीवरून वळली पाहिजे ना. फायरचं बी फॉर्म सर्टिफिकेट, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू आहे याचा दाखला, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमधे भरायचं असते, आम्ही भरतो, घेण्याआधी कोणीही मागून पाहावं.

लाइट ठीक. वारं-वादळ आलं की जाते, लिफ्टपुरतं जनरेटर आहे.

लोक म्हणतात हद्दवाढ झाली की सगळं होईल. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मधे मनपात आले, टाक्या अन् पाइपलाइन त्यानंतर टाकाव्या लागल्या. एनएमआरडीए म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, त्याच्या क्षेत्रात सातशेच्या वर गावं आहेत, त्यात आपल्या टॉवरचा नंबर कधी लागेल या भरवशावर घर घेऊ नका. पाण्याचं आश्वासन लेखी असलेलं ब्रोशर असेल तर जपून ठेवा, रेराच्या कलम १२ मधे जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे झालेलं नुकसान मागता येते, आमच्या सोसायटीनं त्याच आधारावर नोटीस दिली आहे.

माझं रेटिंग: घर साडेचार, बाहेरच्या सोयी दीड. भाड्यानं राहायला या, चांगलं आहे. विकत घ्यायचं असेल तं साइट पाहायला दिवाळीत येऊ नका, तेव्हा सगळं हिरवंगार दिसते. मे महिन्यात या, सकाळी सहाच्या आधी, आणि वॉचमनजवळचं टँकरचं रजिस्टर मागा, तो दाखवते.