मुठीत दांडी, कागदावर टीएसएच

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या पारावर शिबिर लागलं होतं. बॅनरवर लिहिलेलं: ‘थायरॉईडचं अत्याधुनिक निदान. सुई नाही, रक्त नाही.’ वहिनींची थायरॉईड ग्रंथी कमी काम करते, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी चालू. शेजारच्या जिजींबरोबर त्याही गेल्या. मुठीत पितळी दांडी दिली, लॅपटॉपवर वय-वजन भरलं आणि रंगीत कागद हातात आला. “माय, तुना टीएसएच वाढेल शे. गोयी बंद कर, हाई पावडर ले.” पावडर 4,200 रुपयांना.

टीएसएच हे मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून रक्तात येणारं संप्रेरक; थायरॉईड कमी काम करू लागली की ते वाढतं. रक्तच काढलं नाही, तर आकडा कुठून आला? भाच्याने सहज मूठ पुढे केली. आधीच्या बाईची माहिती बदलायची राहिली होती, तर पठ्ठ्याला गर्भाशयाची सूज निघाली!

जिजींना गळ्यात गाठ सांगितली. खरी गाठ सोनोग्राफीत दिसते, तिथे तिला टीआय-रॅड्स या गाठीचा धोका ठरवायच्या पद्धतीप्रमाणे 1 ते 5 दर्जा देतात आणि गरज वाटली तरच बारीक सुईने पेशी काढून तपासतात. जिजींच्या सोनोग्राफीत गाठ नव्हतीच.

वहिनींचं मात्र अवघड झालं. गोळी बंद, पावडर चालू असताना लॅबमध्ये रक्त दिलं, तर टीएसएच नॉर्मल! शिबिरवाल्यांनी त्या रिपोर्टचा फोटो काढून गावभर फिरवला. इकडे वहिनींचा चेहरा सुजलेला, पोट साफ नाही, दुपारपासूनच अंथरूण. जळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पावडरचा डबा मागवला. लेबलवर बारीक अक्षरात ‘बायोटिन 10 मिलिग्रॅम’. बायोटिन हे एक जीवनसत्त्व; माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे हे तीनशे पटींहून जास्त.

अनेक लॅबच्या किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन यांच्या घट्ट पकडीवर मोजणी चालते. रक्तातच बायोटिन भरपूर असलं की ते पकडीच्या जागा अडवतं. मग टीएसएच खोटाच कमी दिसतो, टी-4 (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) खोटाच जास्त. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) 2017 मध्येच याबद्दल इशारा दिला होता. म्हणजे पावडरीने आजार नाही, तपासणीच गोड केली. पावडर बंद करून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, तेव्हा टीएसएच चांगलाच वर होता. गोळी परत सुरू केली. टीएसएच स्थिरावायला सहा आठवडे लागतात, म्हणून पुढची तपासणी त्यानंतर.

केसांच्या गोळ्यांतही बायोटिन असतं. घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. निदान दोन दिवस आधी थांबवायला सांगतात.

पैसे परत मागायला गेलो, तर पावतीवर ‘सेवा देणगी’ लिहिलेलं, दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही. असं शिबिर तुमच्या गावी आलं, तर आधी पक्कं बिल मागा, आणि देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर कळवा.