कोंबडीच्या भ्रूणाच्या स्लाइड्सचा संच: काचेवरचे काम उत्तम, पुस्तिका मात्र नव्याने लिहायला हवी

बारावीला आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकवताना भ्रूणविकासाचा भाग बहुतेक वेळा फळ्यावरच्या आकृत्यांवरच निभावून न्यावा लागतो. म्हणून जूनमध्ये शालिमार परिसरातील प्रयोगशाळा साहित्याच्या एका दुकानातून कोंबडीच्या भ्रूणाच्या दहा कायमस्वरूपी स्लाइड्सचा संच १,८०० रुपयांना घेतला. सोबत मराठी पुस्तिका मिळते, आणि खरे सांगायचे तर तिच्याच ओढीने मी हा संच निवडला.

३३ तासांच्या भ्रूणाची स्लाइड या संचातली सर्वांत मोलाची. रंजन, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून दिलेला रंग, इतके स्वच्छ आहे की मज्जानलिकेच्या दोन्ही बाजूंच्या सोमाइटच्या, म्हणजे ज्यांतून पुढे मणके आणि स्नायू घडतात त्या ठोकळ्यांच्या, जोड्या एकेक करून मोजता येतात. माझ्या स्लाइडमध्ये तेरा भरल्या. पुढच्या मेंदूच्या दोन्ही अंगांना डोळ्यांचे फुगवटे दिसतात, आणि त्यांच्या मागे हृदयाची नळी भ्रूणाच्या उजव्या बाजूला बाहेर आलेली दिसते. अंडे उबवायला ठेवून तेव्हा दीड दिवसही झालेला नसतो आणि हृदयाचे पहिले ठोके याच सुमारास पडू लागतात, हे सांगितल्यावर सूक्ष्मदर्शकाभोवतीची मुले आपोआप गप्प होतात. ७२ तासांच्या स्लाइडमध्ये धडाच्या कडेला पंखाचे आणि पायाचे अंकुर अर्ध्या चिंचोक्यासारखे उमटलेले आहेत.

उणिवा दोन. २४ आणि ३३ तासांच्या स्लाइड्सच्या लेबलांची अदलाबदल झालेली होती, आणि ४८ तासांच्या स्लाइडमध्ये कव्हरस्लिपखाली (वरच्या पातळ काचेखाली) नेमका हृदयावरच हवेचा बुडबुडा होता. दुकानदारांनी ती स्लाइड आठ दिवसांत विनातक्रार बदलून दिली.

माझी खरी तक्रार पुस्तिकेबद्दल आहे. अवयव कसे घडतात हे सांगणाऱ्या तिच्या चार पानांत ‘पॅक्स६ हे डोळ्याचे जनुक, टीबीएक्स५ हे पंखाचे जनुक’ अशी यादी दिली आहे. विद्यार्थी ती पाठ करतात आणि एका अवयवाला एक जनुक असते अशी कायमची समजूत करून घेतात. ही जनुके नियंत्रक आहेत. त्यांच्यापासून तयार होणारी प्रथिने डीएनएवर ठरावीक जागी बसून इतर जनुके चालू किंवा बंद करतात, आणि तोच नियंत्रक निरनिराळ्या पेशींत निरनिराळ्या सोबत्यांबरोबर निरनिराळे काम करतो. पॅक्स६ मेंदूच्या आणि स्वादुपिंडाच्या घडणीतही लागते. टीबीएक्स५ तर ३३ तासांच्या स्लाइडमधल्या हृदयातही कामाला लागलेले असते आणि ७२ तासांच्या स्लाइडमधल्या पंखाच्या अंकुरातही. दोन्ही स्लाइड्स याच डब्यात शेजारीशेजारी असताना पुस्तिकेने ही संधी का सोडली, हे मला कळत नाही. माणसात टीबीएक्स५ची एक प्रत सदोष असली की होल्ट-ओरॅम सिंड्रोम होतो, आणि त्यात अंगठ्याची किंवा हाताची रचना बिघडते व बऱ्याचदा हृदयाच्या पडद्याला छिद्रही असते. हा दुवा सांगितल्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, “मॅडम, म्हणजे हाताकडे बघून डॉक्टर हृदय तपासायला सांगू शकतात का?” होय, सांगतात. असा प्रश्न त्या यादीतून सुचला नसता.

पायाच्या अंकुराबद्दल पुस्तिका एका ओळीत आटोपते. पायाच्या अंकुरात पिटएक्स१ नावाचा नियंत्रक असतो आणि पंखाच्या अंकुरात नसतो. १९९९ साली संशोधकांनी कोंबडीच्या पंखाच्या अंकुरात पिटएक्स१ मुद्दाम कार्यरत केले, तेव्हा त्या पंखात पायाची लक्षणे दिसू लागली. कोंबडीच्याच भ्रूणावरचा हा प्रयोग कोंबडीच्याच भ्रूणाच्या पुस्तिकेत नसावा, याचे वाईट वाटते.

सर्वांत मोठी गाळलेली जागा आहे ती जनुकाला बाहेरून चालू-बंद करणाऱ्या डीएनएची. बोटांची संख्या आणि क्रम ठरवण्यात सॉनिक हेजहॉग या जनुकाचा मोठा वाटा असतो. ते अंकुराच्या मागच्या कडेला चालू होते, पण त्याला तिथे चालू करणारा डीएनएचा तुकडा, म्हणजे एन्हान्सर, माणसात त्याच्यापासून सुमारे दहा लाख बेस-जोड्या (म्हणजे डीएनएची अक्षरे) दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. त्या तुकड्यातले एखादे अक्षर बदलले तरी हाताला जास्तीचे बोट येऊ शकते, मूळ जनुक अगदी निर्दोष असले तरीही. सहा बोटांचे मूल आपल्याकडे कुणी पाहिलेले नसते असे नाही. त्यामागच्या कारणांपैकी एक इतक्या दूर बसलेले असू शकते, हे मराठीतून समजावणारे साहित्य फार थोडे आहे, आणि म्हणूनच या चार पानांकडून माझी अपेक्षा मोठी होती.

ज्या महाविद्यालयाकडे बरा सूक्ष्मदर्शक आहे, त्याने हा संच जरूर घ्यावा; या किमतीत इतके स्वच्छ रंजन मी इतरत्र पाहिलेले नाही. घेताना प्रत्येक स्लाइड दुकानातच उजेडाकडे धरून पाहावी आणि लेबले पडताळून घ्यावीत. पुस्तिकेबद्दल बोलायला गेले तेव्हा दुकानदारांनी वही पुढे सरकवून दुरुस्त्या लिहून मागितल्या. टीबीएक्स५, पिटएक्स१ आणि एन्हान्सर यांवर मी दोन पाने लिहून दिली आहेत, आणि त्यांची एक प्रत माझ्या संचाच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.